दक्षिणेचा घात

सुपरस्टिशन हा इंग्रजी शब्द मला माझ्या वडिलांनी शिकवला. शाळेत नव्हे, घरी. आदिलाबादच्या आमच्या भाड्याच्या घरात, सकाळच्या वेळी, आत चुलीपुढे आत्या भाकरी थापत असताना. पुढे मी आयुष्यभर इंग्रजीच शिकवलं. पण तो शब्द फळ्यावर लिहायची वेळ आली की माझा हात जरा थांबायचा. मुलांना वाटायचं, बाईंना स्पेलिंग आठवत नाही.

बाबा निजामाच्या अमदानीत कचेरीत मुन्शी म्हणून लागले होते. शिक्षण सगळं उर्दूतलं, फारसीही बऱ्यापैकी. घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि कचेरीत उर्दू, असा त्यांचा दिवस तीन भाषांत नीट वाटलेला होता. कचेरीतल्या कागदांची चळत बांधली की तिला मिसल म्हणायचे. बाबांच्या हातची मिसल कुणी परत पाठवत नसे. अवघड मजकूर असला की वरचे अधिकारी त्यांनाच बोलावून घेत. त्यांचं अक्षर इतकं देखणं होतं की मला एक अक्षर वाचता येत नसलं तरी मी ते बघत बसायची.

पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं. बाबांना त्याचा आनंदच झाला. कचेरीवर नवा झेंडा चढला तेव्हा ते धुतलेलं धोतर नेसून आवारात उभे होते. पण थोड्याच दिवसांत मद्रासकडचे अधिकारी आले. त्यांना उर्दू येत नव्हतं, मराठीही येत नव्हतं. बाबांनी आपल्या पद्धतीनं एक मसुदा करून नेला, तर साहेबांनी तो उलटा धरून पाहिला आणि इंग्रजीत लिहून आणायला सांगितलं. बाबांनी हे घरी येऊन हसत हसत सांगितलं. जेवायला मात्र बसले नाहीत.

चाळिशी ओलांडलेल्या माणसानं मग इंग्रजीची पहिली बुकं हातात घेतली. खात्याची परीक्षा होती. ती पास झाल्याशिवाय बढती नाही, आणि मागून आलेली पोरं डोक्यावर बसणार. मी तेव्हा शाळेत इंग्रजी नुकतंच शिकायला लागले होते. बाबा म्हणाले, "चल, दोघं मिळून शिकू. तू मला तुझ्या शाळेतलं सांग, मी तुला माझ्या डिक्शनरीतलं सांगतो." ती डिक्शनरी त्यांनी हैदराबादच्या फूटपाथवरून आणली होती. पुठ्ठा गेलेला, आणि झेडची पानं उंदरांनी खाल्लेली.

आमच्या घरात आम्ही तिघंच. आई मी पाच वर्षांची असताना तापानं गेली. बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, तेव्हापासून आमच्याकडे राहायला आली. तिचं सासर बाजारहत्नूरचं. तिथं थोडी कापसाची आणि ज्वारीची जमीन तिच्या वाट्याला होती. नवरा लवकर गेला होता, आणि दोन मुलं झाली तीही रांगायच्या आत गेली. त्यामुळे असेल, माझ्या बाबतीत ती कुठलीच जोखीम घेत नसे. माझ्या पायात काळा दोरा असे. मला साधी शिंक आली तरी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. परीक्षेला निघताना हातावर दही. शनिवारचा तिचा उपास माझ्यासाठी होता, आणि तो तिनं मरेपर्यंत मोडला नाही. बाबा तिला चिडवायचे, "अक्का, मिरच्या महाग झाल्या, आता नुसत्या मिठावर भागव." तीही हसायची, पण मिरच्या कमी करायची नाही.

परीक्षेच्या बुकात एक धडा होता, सुपरस्टिशन नावाचा. लांबलचक शब्द पाहून मी अडखळले. बाबांना मात्र लांब शब्द आवडत. फारसी-अरबी शिकलेला माणूस, शब्द दिसला की त्याचं मूळ शोधायची त्यांना सवय. त्यांनी डिक्शनरी उघडली, बारीक अक्षरातली ओळ डोळ्यांजवळ नेली.

"हे बघ. मूळ लॅटिन आहे. सुपर म्हणजे वर. आणि पुढचं आहे ते उभं राहणं. म्हणजे झालं, वर उभं राहणं. आता सांग, कोण कुणाच्या वर उभं?"

"भूत," मी म्हटलं.

"भूत नाही, भीती. माणूस खाली बसलाय, आणि त्याच्या डोक्यावर भीती उभी आहे. मग त्याला वरचं काही दिसेल का?" मग त्यांनी बोटावर मोजल्यासारखे बाकीचे शब्द घेतले. "उर्दूत वहम. वहम मनाच्या आत असतो. तेलुगूत मूढनम्मकम्, म्हणजे मूर्खाचा विश्वास. आपण म्हणतो भोळी समजूत. इंग्रजांनी तेवढं त्याला उभं केलं. चांगला शब्द आहे."

आत्यानं आतून विचारलं, "अन् त्या धड्यात काय लिहून राह्यलं?"

मी सांगितलं की इंग्रज लोक तेरा आकडा अशुभ मानतात, आरसा फुटला तर घाबरतात, काळी मांजर आडवी गेली तर थांबतात.

"तेरानं काय होते?"

"काहीच होत नाही आत्या. तेच तर लिहिलंय."

"मंग मानतात काऊन?" तिनं भाकरी उलटली. थोड्या वेळानं म्हणाली, "म्हंजे मांजर त्यायलेबी आडवी जाते म्हना." त्या गोष्टीचं तिला बरंच समाधान वाटलेलं दिसलं.

पुढे कितीतरी दिवस तो शब्द आमच्या घरात खेळण्यासारखा फिरत राहिला. आत्या घुबडाचं काही बोलली की बाबा माझ्याकडे बघून नुसतं बोट वर करायचे. वर उभं आहे, बघ. मी हसायची. माझ्या ओळखीत दुसऱ्या कुणाचे वडील मुलीबरोबर असं हसत नव्हते. मैत्रिणींच्या घरी वडील आले की आवाज बंद व्हायचे. आमच्याकडे बाबा आले की सुरू व्हायचे.

पहिल्या खेपेला बाबा नापास झाले, दुसऱ्या खेपेला पास. तोवर माझं इंग्रजी त्यांच्या पुढे निघून गेलं होतं. त्यांना शब्द पाठ व्हायचे, अर्थ कळायचा, पण वाक्य जुळवताना ते उर्दूच्या वळणानं जायचे आणि शेवटी क्रियापद घेऊन उभे राहायचे. एका सकाळी त्यांनी कचेरीचा एक मसुदा माझ्यापुढे ठेवला. "जरा बघ. कुठं खटकतं का?" मला सगळीकडे खटकत होतं. मी नवीन लिहून दिला. त्यांनी तो आपल्या अक्षरात उतरवून घेतला. संध्याकाळी आले ते खुशीत. साहेब म्हणाले होते, तुमचं इंग्रजी सरळ आहे.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. सकाळी आंघोळ करून बाबा कापडी पिशवीतून मिसल काढायचे, त्यात काय आहे ते मला मराठीत सांगायचे, आणि मी इंग्रजीत लिहायची. कुणाच्या शेताची हद्द, कुणाच्या शेतसाऱ्याची माफी, कुठल्या गावचा पाण्याचा तंटा. सोळा-सतराव्या वर्षी मला अर्ध्या जिल्ह्याची भांडणं ठाऊक होती. बाबा हेडक्लार्क झाले. "हे आपल्या दोघांत," ते म्हणायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा. कचेरीवरून जाताना वाटायचं, आत माझीच वाक्यं चाललीत.

मी मॅट्रिक झाले. त्या वर्षी आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि हैदराबादच्या शिक्षिका प्रशिक्षणाचा अर्ज स्वतः भरून घेतला. वसतिगृह होतं, थोडा भत्ताही होता. जागा मिळाल्याचं कळलं तेव्हा बाबांनी अर्धा शेर पेढे आणले, आणि शेजारच्या तेलुगू घरातही स्वतः नेऊन दिले. आत्यानं लोखंडी पेटी घासून उन्हात ठेवली. माझ्यासाठी दोन नवी पातळं आली. मी त्या पेटीत काय कुठे ठेवायचं याचा रोज नवा बेत करत असे.

त्याच सुमाराला भाषेवार राज्यं होणार हे पक्कं झालं. हैदराबाद संस्थानाचे तुकडे पडणार होते. आमच्या जिल्ह्यातलं किनवट आणि राजुरा मराठीकडे जाणार, आदिलाबाद तेलुगूकडे राहणार. सरकारी नोकरांना विचारलं गेलं, कुठं जाता? मराठी माणसं बहुतेक तिकडचं लिहून देत होती. बाबांनीही लिहून दिलं. नांदेडची आशा होती. पण त्याआधी कचेरीतले सगळे कागद दोन्हीकडे वाटायचे होते. कुठली मिसल कुणाकडे, कुठल्या गावाचं काय राहिलंय, हे सगळं इंग्रजीत लिहून द्यायचं. बाबांची पिशवी दुप्पट फुगून यायला लागली. सकाळी भाकरी गार व्हायची तरी आमचं लिहिणं संपायचं नाही. मला त्यात काही वाटलं नाही. जायच्या आधी जेवढं होईल तेवढं उरकून द्यावं, एवढंच मनात होतं.

जायला आठवडाभर राहिला असेल. दुपारी बाबा वेळेआधी घरी आले. आत्या मारुतीला गेली होती. ते खाटेवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी जोशांकडे जाऊन आलो," ते म्हणाले. "तुझी पत्रिका दाखवली."

मला वाटलं ते गंमत करतायत. मी त्यांच्यासारखंच बोट वर केलं. ते हसले नाहीत.

"या वर्षी दक्षिणेचा प्रवास वर्ज्य आहे तुला. घात आहे म्हणाले. जिवावरचा."

"बाबा, तुम्ही कधीपासून पत्रिका बघायला लागलात?"

"मानत नव्हतो," ते खाली बघत म्हणाले. "तुझ्या आईच्या वेळीही मानलं नव्हतं. तेव्हाही जोशांनी सांगितलं होतं, सांभाळा. मी हसण्यावारी नेलं. आठ दिवसांत ती गेली."

आईबद्दल बाबा कधी बोलत नसत. आणि हैदराबाद आमच्या दक्षिणेलाच होतं. ते टोपीची कड बोटांनी दाबत राहिले. मला त्यांची फार दया आली. मला वाटलं, हा माणूस इतकी वर्षं वरवर हसत होता, आणि आईच्या मरणाची भीती आतून त्याच्या डोक्यावर उभीच होती. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"नाही जात मी," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी बघू."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आत्या परत आली तेव्हा त्यांनी तिला एवढंच सांगितलं की पोरगी यंदा जात नाही, जोशांनी नको म्हटलंय. आत्यानं देवापुढे जाऊन हात जोडले आणि पेटी पुन्हा माळ्यावर चढवली. मोठ्या बाई माझ्यावर रागावल्या. मी त्यांना आईचं सांगितलं नाही. तब्येतीचं कारण दिलं. माझ्या जागेवर निजामाबादची कुणी मुलगी गेली.

आम्ही दुसऱ्या सकाळी पुन्हा लिहायला बसलो.

पावसाळा सरला. गावाकडे कापूस फुटायला लागला होता. आत्याच्या मनातून तो घात जात नव्हता. प्रवास टळला म्हणून घात टळतो असं थोडंच आहे, असं ती म्हणायची. ग्रहांची शांत करून घ्यावी, म्हणजे मनाला लागून राहणार नाही. एका सकाळी बाबा कचेरीत गेल्यावर तिनं आपल्या ट्रंकेतून माझी पत्रिका काढली, नारळ आणि तांदूळ घेतले, आणि मला म्हणाली, "चाल माह्यासंगं."

जोशी म्हातारे होते. ओसरीत बसून सुपारी कातरत होते. आत्यानं नारळ पुढे ठेवला.

"महाराज, भावाले तुमी सांगतलं होतं, पोरीले घात हाये म्हून. त्याची शांत कराची हाये. काय आनाव लागते ते सांगा."

त्यांनी कातरणं थांबवलं. "कोणता घात?"

"दक्षिनेचा. उन्हाळ्यात आला होता न तो तुमच्याकडं, पत्रिका घेऊन."

"बाई, तुमचे भाऊ माझ्याकडं कधीच आले नाईत. वाटेत भेटले तर रामराम करतात, तेवढंच. अन् पत्रिका तर ही तुमच्या हातात हाये."

आत्या पत्रिकेकडे बघत राहिली. ती वर्षभर तिच्याच ट्रंकेत, तिच्याच कुलपात होती, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं असावं. जोशांनी पत्रिका घेतली, उलगडली, बराच वेळ पाहिली. मला जवळ बोलावून हातही पाहिला. "हिच्या प्रवासाला काई आडवं नाई," ते म्हणाले. "विद्येचं चांगलं हाये. जाऊ द्या पोरीले जिथं जाते तिथं."

परतताना आत्या कापसाच्या बाजारापर्यंत झपाझप चालत आली. रस्ता बैलगाड्यांनी भरला होता. आम्ही एका दुकानाच्या पायरीवर बाजूला उभ्या राहिलो. तिथं मी तिला विचारलं, "आत्या, आई गेली तेव्हा जोशांनी काही सांगितलं होतं का?"

"तवा?" ती म्हणाली. "तवा कोनी काई सांगतलं नव्हतं. तिले ताप आला अन् ती गेली. जोशी काऊन येतीन मंधात? डाक्टर आला होता." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुले कोनं सांगतलं असं?"

मी सांगितलं. आत्या तिथंच पायरीवर बसली. मी तिला माझ्यासाठी उपास करताना पाहिलं होतं, रडताना पाहिलं होतं, पण असा तिचा चेहरा पाहिला नव्हता. "मेलेल्या बाईच्या नावानं," एवढंच ती म्हणाली. जरा वेळानं पुन्हा, "देवाच्या नावानं."

दुसऱ्या सकाळी बाबांनी नेहमीसारखी पिशवी उघडली. मी समोर बसले, पण टाक हातात घेतला नाही.

"आज मी लिहिणार नाही," मी म्हटलं.

"बरं नाही का?"

आत्या भाकरी टाकून बाहेर आली होती. तिचे हात पिठाचे होते. "आमी जोशाकडं जाऊन आलो," ती म्हणाली. "तू त्याच्याकडं कवा गेलता ते सांग."

बाबांनी मिसलीची दोरी सोडायला घेतली होती, ती तशीच बोटात राहिली. ते खोटं पुढे रेटतील असं मला वाटलं होतं. त्यांनी ते केलं नाही. म्हणाले, "हे काम आटोपेपर्यंतच. मग मी तुला पाठवणारच होतो."

"मग तसं सांगायचं होतं."

"काय सांगायचं होतं? तुझ्या बापाला दोन ओळी लिहिता येत नाहीत, म्हणून तू शिकायला जाऊ नको? असं सांगायचं होतं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता. "आणि सांगितलं असतं, तर तू थांबली असतीस?"

"थांबले असते," मी म्हटलं.

ते खरं होतं. मी तेव्हाही खात्रीनं सांगू शकत होते आणि आजही सांगते. मी एक वर्ष काय, दोन वर्षं थांबले असते, आणि आनंदानं थांबले असते. बाबांना ते ठाऊक नसावं, याचं मला जास्त लागलं. इतकी वर्षं रोज सकाळी शेजारी बसून त्यांना माझ्याबद्दल एवढंही कळलं नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट मला नंतर हळूहळू कळली. ते घाबरले असते, खरोखर पत्रिका घेऊन जोशांकडे गेले असते, तर मी काही म्हटलं नसतं. भीतीपुढे माणसाचं चालत नाही. पण ते घाबरलेच नव्हते. त्यांचा त्यातल्या कशावरही विश्वास नव्हता. आत्याचा होता, आणि म्हणून ती जोशांकडे गेली, आणि म्हणून खरं बाहेर आलं. बाबांनी तिच्या त्या विश्वासाचं सोंग घेतलं, कारण त्याच्याशी वाद घालता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. आम्ही दोघांनी मिळूनच तो धडा केला होता.

त्या दिवसापासून मी त्यांना काही लिहून दिलं नाही. ते मिसल घेऊन एकटे बसायचे. एकदा मी आत पाणी भरत असताना त्यांनी हाक मारली, "ट्रान्सफर्डमध्ये शेवटी आर एक की दोन?" मी "दोन" म्हटलं. तेवढंच. बाकीचं त्यांनी कुणाकडून तरी करून घेतलं असेल. साहेबांच्या ध्यानात आलं की नाही, मला माहीत नाही. सगळ्याच कचेऱ्यांत तेव्हा इतका गोंधळ होता की कुणाच्या इंग्रजीकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती.

राज्यं झाली. बाबांचा हुकूम नांदेडचा आला. गाडी ठरली, भांडी बांधली. मी म्हटलं, मी येत नाही. बाबांनी आत्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असावं, ती मला समजावेल. ती म्हणाली, "मी या पोरीजवळ राह्यते. तुले रांधाले बाई भेटन तिकडं." सख्ख्या भावाला ती असं बोलली. तिला ते सोपं गेलं नसणार. बाबा निघाले तेव्हा तिनं त्यांच्या हातावर दही घातलं. त्यांनीही ते मुकाट्यानं खाल्लं.

आम्ही दोघी बाजारहत्नूरला तिच्या घरी गेलो. जवळच्या गावात मराठी शाळा होती, तिथं मला बिनप्रशिक्षित म्हणून घेतलं. आता राज्य तेलुगूचं. वरून येणारं सगळं तेलुगूत यायला लागलं आणि मला तेलुगूची परीक्षा द्यावी लागली. बाजारात बोलण्यापुरतं येत होतं, लिहिता येत नव्हतं. गोल गोल अक्षरं गिरवताना बाबांची आठवण यायची, आणि मी ती येऊ द्यायची नाही. प्रशिक्षणाला मी गेले ती बऱ्याच वर्षांनी, नोकरीतून रजा काढून. वर्गात सगळ्या माझ्याहून लहान. हैदराबादला जाताना गाडीत मला कुठलाच घात आठवला नाही. फक्त राग आला, आणि तो कुठे ठेवावा कळेना.

नंतर बेल्लमपल्लीच्या हायस्कुलात मी इंग्रजीची शिक्षिका झाले. कोळशाच्या खाणींचं गाव. वर्गात तेलुगू, उर्दू, मराठी, हिंदी, सगळ्या घरांची मुलं. आत्या माझ्याबरोबर होती. तिथल्या वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता, शब्दांची मुळं देणारा. एके दिवशी मी तो शब्द काढला. बाबांनी सांगितलं होतं ते बरोबर होतं, वर उभं राहणं. पण त्यांच्या फाटक्या डिक्शनरीत पुढचं नव्हतं. त्याच मुळापासून लॅटिनमध्ये दुसरा एक शब्द होता, त्याचा अर्थ मागे उरलेला, वाचलेला. सगळे पडले आणि जो उभा राहिला तो. जुन्या काळी रोममध्ये एकानं असंही म्हटलं होतं की आपली मुलं आपल्या मागे जगावीत म्हणून जे दिवसदिवस प्रार्थना करत, नैवेद्य दाखवत, त्यांना लोक या शब्दानं ओळखायला लागले. पुढे पंडितांनी ते खोडून काढलं होतं. कुणी म्हणे, भयानं थबकून एखाद्या गोष्टीपुढे उभं राहणं. नेमकं कुणालाच सांगता आलेलं नव्हतं.

घरी येऊन मी ते आत्याला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. शनिवार होता, तिचा उपास.

"म्हंजे मायबाप देवापुढं बसत होते, लेकरं जगाले पायजे म्हून?"

"हो. असं एकजण म्हणायचा."

"मंग त्यात वाईट काय हाये?" ती म्हणाली.

मी तिच्याजवळ बसून तांदळातले खडे काढायला लागले. तिची दोन मुलं गेली होती, माझी आई गेली होती, आणि घरात मी तेवढी उरले होते. हे मी तोवर असं कधी पाहिलंच नव्हतं. मुलांना मी तो शब्द पुढेही शिकवला, परीक्षेत येतो म्हणून. अर्थ सांगितला, उदाहरणं सांगितली. बोट मात्र कधी वर केलं नाही.

आत्या गेल्यावर मी नांदेडला गेले. बाबा निवृत्त झाले होते. त्यांना आत्याचं कळवायला पत्र टाकलं होतं, पण समक्ष जाणं भाग होतं. दोन खोल्यांत एकटेच राहत. माझ्याकडे बघून आधी ओळख पटली नाही, मग घाईघाईनं उठले. आत्याचं सगळं विचारलं. शेवटी काय खाल्लं, कुणाचं नाव घेतलं. मी सांगितलं. ते रडले. मी त्यांना पाणी दिलं.

संध्याकाळी शेजारचे एक गृहस्थ आले. बाबा त्यांना म्हणाले, "ही माझी मुलगी. हायस्कुलात इंग्रजी शिकवते. मीच शिकवलं तिला, लहानपणी."

"भाग्यवान आहात," ते गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले.

मी चहाचे कप उचलले आणि आत नेले. बाबा खोटं बोलले नव्हते. ते गृहस्थ गेल्यावर बाबा दारात आले.

"माझं आता सगळं गेलं बघ इंग्रजी," ते म्हणाले.

"इथं लागलं नसेल."

"नाही लागलं. आल्यापासून सगळं मराठीतच होतं." मग म्हणाले, "तेव्हा वाटलं होतं, फार लागेल."

त्याच्या पुढे ते काही बोलतील म्हणून मी कप हातात धरून थांबले. ते अंगणातल्या तुळशीकडे बघत राहिले, मग दिव्याची वेळ झाली म्हणाले आणि आत गेले.

सकाळी ते मला मोटारस्टँडवर पोचवायला आले. गाडीला गर्दी होती. त्यांनी खिडकीतून माझी पिशवी आत दिली आणि म्हणाले, पोचल्यावर कार्ड टाक. बेल्लमपल्लीला आल्यावर मी टाकलं. मराठीत, दोन ओळींचं. सुखरूप पोचले. प्रकृतीला जपा.